दार उघडले, पुढच्या पायऱ्यांचे काय?

केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएच.डी. करणाऱ्या महिलांची संख्या 98,636 होती. 2014-15 मध्ये ती 47,717 होती. अध्यापकवर्गातही महिलांचा वाटा 43 टक्क्यांवर गेला आहे. ही आनंदाची बाब होय. तथापि सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशा पायऱ्या चढत जावे, तसतशी महिलांची संख्या रोडावते. असे का व्हावे?

नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या ख्रिस्ती विदुषी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी 1892 साली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हाती पडली 1922 साली. कारण तेथे महिलांना पदव्या मिळू लागल्या त्या 1920 पासून. ऑक्सफर्डला पहिली महिला कुलगुरू लाभली 2016 मध्ये, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला 2022 मध्ये. बडोद्यात मात्र हंसा मेहता 1949 मध्येच कुलगुरू झाल्या होत्या. संस्कृती कोणतीही असो, प्रवेश मिळणे आणि अधिकारपद मिळणे यांत मोठे अंतर राहिले आहे.

आज अडसर आहे तो वेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार पीएच.डी.विना सहयोगी प्राध्यापकपदी बढती नाही. संशोधनाची ती वर्षे नेमकी विवाहाची, बाळंतपणाची आणि लहान मुलांच्या संगोपनाची असतात. आयोगाच्या 2022 च्या नियमांनी महिलांना पीएच.डी.साठी दोन वर्षे अधिक आणि 240 दिवसांपर्यंत रजा दिली आहे. परंतु तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेला रजा घेतली की मानधनही थांबते.

पालघर व बोईसर-तारापूर भागात याला अंतराची जोड मिळते. विद्यापीठाचे ग्रंथालय कलिन्याला. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते खरी, पण विरारपुढे फेऱ्या मोजक्याच. गाडी चुकली की दिवस वाया. पती तारापूरच्या कारखान्यात पाळीने काम करीत असेल, तर मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी हे सारे तिच्याच वेळेत बसवावे लागते.

म्हणून आम्हांला वाटते, संशोधन केंद्रे व मार्गदर्शक आपल्या जिल्ह्यातच वाढले पाहिजेत आणि रिक्त जागा तासिकांवर न भागवता कायमस्वरूपी भरल्या पाहिजेत. ही मागणी शासनाकडे करावयाची आहे. आपल्या घरांकडेही एक मागणी आहे. सुनेचा पगार आपल्याला हवा असतो, पण तिचा प्रबंध मात्र घरात अडगळ वाटतो. रोज संध्याकाळचे दोन तास तिला अभ्यासासाठी मोकळे देण्यास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.