गिरणगावचं नाटक कुठे बघायचं?

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नव्या नाटककारांना रंगमंच दिला. निम्मं श्रेय त्या साध्या जागेचं. उरलेलं संस्थेच्या अरुण काकडेंच्या चिकाटीचं! गिरणगावाने, म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीनेही, नाटककार दिले. तिथे वाढलेल्या जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक १९८२च्या गिरणी संपात होरपळलेलं घर दाखवतं. त्यावर ‘लालबाग परळ’ सिनेमाही निघाला. पण ज्यांचं हे दुःख, त्यांनी नाटक बघायचं कुठे? कामगार रंगभूमीला जपणारं परळचं दामोदर नाट्यगृह २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. टॉवरवाल्यांना पार्किंग मिळतं, नाटकवाल्यांना तारीख मिळत नाही. मंडळांनो, गणपतीचा मांडव उतरवण्याआधी चार रात्री आपल्याच वस्तीतल्या लेखकांना द्या. तिकीट मात्र शंभराच्या आत ठेवा.