चूक गळ्याची की यंत्राची?

ध्वनिमुद्रण हा आता केवळ संगीतकारांचा विषय राहिलेला नाही. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काही जण विद्यार्थ्यांकडून संतकाव्याचे गायन-वाचन संगणकावर मुद्रित करून घेत असतो. या उद्योगात आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याचे निमित्त तांत्रिक होते. आमची चूक मात्र तांत्रिक नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक विद्यार्थिनी आधी मुद्रित केलेली पेटी हेडफोनमधून ऐकत अभंग गात होती. मुद्रण ऐकावे तर तिचा आवाज प्रत्येक आघाताला मागे पडलेला. लय सांभाळ, असे सांगून आम्ही तिला पाच-सहा वेळा पुन्हा गायला लावले. "सर, मी बरोबरच गाते आहे," असे ती एकदा म्हणाली. आम्ही ते मनावर घेतले नाही. पुढच्या मुद्रणाला ती आली नाही.

दोष कोठे होता? संगणक ध्वनी सलग हाताळत नाही. ठरावीक नमुन्यांचा, म्हणजे सॅम्पलांचा, साठा जमवून तो पुढे ढकलतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या दराने १,०२४ सॅम्पलांचा बफर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. पेटी बाहेर पडताना एकदा आणि आवाज आत येताना पुन्हा एकदा, अशी ही दिरंगाई दुप्पट होते. ४६ मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून सुमारे सोळा मीटर जातो. म्हणजे साथीदाराला सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसवून गायिकेला बोल लावण्यासारखाच हा प्रकार होता. हेडफोन बिनतारी असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

निदान अवघड नाही. संगणकातून बाहेर जाणारी तार परत त्याच्याच आत जोडावी, तालयंत्राचा ठोका वाजवून तोच मुद्रित करावा आणि मूळ ठोका व मुद्रित ठोका यांतील अंतर मोजावे. माणसाची चूक दर आवर्तनाला कमीअधिक होते. यंत्राचा विलंब एकाच मांडणीत दर वेळी जवळपास तेवढाच राहतो. आम्ही मोजले, तेव्हा त्या मुलीच्या प्रत्येक मुद्रणातील मागेपणा आणि ठोक्याचा मागेपणा एकच निघाला. ती लयीत होती. मोजलेले अंतर सॉफ्टवेअरमध्ये भरपाई म्हणून नोंदवले, मुद्रणापुरता बफर १२८ सॅम्पलांवर आणला, आणि तक्रार संपली.

दुसरा दोष अधिक फसवा होता. ज्ञानेश्वरीच्या वाचनामागे तानपुरा ठेवला होता. ओवी सुरू होताच तो मंद व्हावा आणि संपताच पुन्हा भरावा, यासाठी आवाजपातळीचे चढउतार आधीच आखून ठेवले होते. यालाच ऑटोमेशन म्हणतात. आखणी पडद्यावर अचूक दिसे. ऐकताना मात्र तानपुरा ओवीच्या शेवटच्या अक्षरावरच चढे. ओवीचा चौथा चरण आखूड असतो आणि अर्थ बहुधा तेथेच विसावतो. नेमके तेच अक्षर बुडत होते.

येथेही वाचणाऱ्याने शेवट लांबवला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह झाला. परंतु तिच्या आवाजावर बसवलेला एक प्लगइन आपल्या गणितासाठी ४,०९६ सॅम्पल, म्हणजे सुमारे ९३ मिलिसेकंद, घेत होता; आणि इतर ट्रॅक तेवढेच थांबवणारी भरपाईची सोय बंद होती. प्लगइन काढून ऐकताच दोष नाहीसा झाला, तेव्हा कारण कळले. भरपाई सुरू केल्याने आमचे काम भागले. काही सॉफ्टवेअरांत ध्वनीची भरपाई होते, ऑटोमेशनची होत नाही. तेथे प्लगइनसह ट्रॅक नव्याने उतरवून घेऊन त्यावर आखणी करणे हाच खात्रीचा मार्ग होय.

यंत्र आणि गळा यांचा हा वाद आमच्या भागाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा शोध घेताना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वर प्रमाण मानून मापे घेतली आणि १९१० मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी सिद्ध झाली. तिच्याविषयी मतभेद झाले, ते असोत. त्या प्रयत्नाची दिशा आम्हांला मोलाची वाटते : तेथे गळ्यावरून यंत्र जुळवले जात होते.

आज नेमके उलट घडते. आवाज ताल-रेषांवर खेचून बसवण्याची सोय एका कळीवर उपलब्ध आहे, आणि तीच दुरुस्ती समजली जाते. आमच्या मते ती दुरुस्ती नव्हे. यंत्राचा विलंब गायकाच्या खात्यावर टाकून वर त्याची लयही पुसून टाकणे होय. अभंग म्हणणारा एखाद्या शब्दावर रेंगाळतो, तेव्हा ते रेंगाळणे अर्थाचा भाग असते. यंत्राचा विलंब मोजून काढून टाकल्यावर जे मागेपुढे उरते, ते त्या माणसाचे असते. ते चुकीचे की सुंदर, हे त्यानंतर ठरवावे, त्याआधी नव्हे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढे भेटून सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि पुन्हा गाण्याविषयी ती काहीच बोलली नाही.