कप्तान कोण?

मेलबर्नचा आमचा भाचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हंगामभर चिंतेत असे. ‘एएफएल फँटसी’त खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ जमवायचा, दर आठवड्याला कप्तान नेमायचा, त्याचे गुण दुप्पट! मी फोनवर म्हटले, “गोल मारणाराच घे की!”

तो हसला. “मामा, गोलाला गुण 6, पण किकला 3, झेलाला 3, पकडीला 4, मुठीने दिलेल्या पासलाही 2. मधल्या फळीत अखंड राबणारा गडीच शंभरी गाठतो.”

वाचकहो, गॅदरिंगचा चिटणीस नेमताना मी वर्षानुवर्षे भाषणे ठोकणाराच निवडला. यंदा मुकाट्याने खुर्च्या लावणाऱ्या पोराला नेमले. लाज एवढीच वाटली, की यादीत घालायला त्याचे नाव विचारावे लागले!