कार्ड कुणाच्या नावाचं?



मागच्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. पाच वर्षांच्या मुलीच्या पायाची शस्त्रक्रिया करायची होती. राज्याच्या आरोग्य योजनेत ती बसत होती, पण रुग्णालयाने रेशनकार्ड मागितलं. नवऱ्याने टाकून तीन वर्षं झालेली, कार्ड सासरी. ते द्यायला सासरा तयार नाही. नवं काढायचं तर जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी पुन्हा तेच कार्ड! कचेरीत खेटे घालण्यात पंधरा दिवस गेले.

त्याच दिवसांत मी अमेरिकेतल्या राज्यांनी मुलांच्या विम्यासाठी केलेले कायदे वाचत होते. अमेरिकेतला आरोग्य विमा म्हटलं की कंपन्यांचा बाजार आठवतो आणि कपाळाला आठी पडते. माझ्याही पडते. पण तिथे भांडणं कशावर झाली ते पाहा. १९९६ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट जादा कर बसवून मुलांच्या विम्यासाठी पैसा उभा केला. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो आमदारांनी उलथवला. पुढच्याच वर्षी केंद्रानेही तंबाखूवरच्या कराच्याच आधाराने देशभर योजना आणली. गरिबांच्या मेडिकेडमध्ये बसत नाहीत आणि खाजगी विमा परवडत नाही, अशा घरांतल्या मुलांसाठी ती होती. २००५ मध्ये इलिनॉयने आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही दार उघडलं.

मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की उत्पन्न घराचं पाहतात, पण नोंद त्या मुलाची स्वतःची होते.

अर्थात नोंद झाली म्हणजे ती टिकली असं नाही. फेरतपासणीचे अर्ज येतात, पगाराच्या चिठ्ठ्या जोडायच्या असतात. आणि हे काम बहुतेक घरांत कुणाच्या गळ्यात पडतं, ते तुम्हांला सांगायला नको. महासाथीच्या काळात मेडिकेडमधून नावं काढणं थांबलं होतं. २०२३ च्या एप्रिलपासून ते पुन्हा सुरू झालं आणि मोठी माणसं व मुलं मिळून अडीच कोटींहून अधिक नावं गेली. त्यांतली सुमारे ६९ टक्के अपात्र ठरली म्हणून नव्हे, तर अर्ज वेळेत पोचला नाही अशा कागदी कारणांनी. १ जानेवारी २०२४ पासून मुलांची नोंद बारा महिने टिकवणं सर्व राज्यांना बंधनकारक झालं. ऑरेगनने तर केंद्राची परवानगी काढून २०२३ पासून सहाव्या वाढदिवसापर्यंत फेरतपासणीच नको असं ठरवलं. पण अशा परवानग्या यापुढे वाढवून देणार नाही, असं २०२५ मध्ये केंद्राने कळवलं. मिळालेलं हातचं जातं, ते असं.

आपल्याकडे २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते कुटुंबाचं. कुटुंब कोणतं, हे रेशनकार्ड ठरवतं. टाकलेल्या बाईचं मूल त्यात कुठे? शिवाय सगळा कारभार शासन निर्णयावर. एका निर्णयाने दिलेलं दुसऱ्याने काढता येतं, विधानसभेत हात वर करावा लागत नाही.

जन्मदाखल्यावर मुलाची स्वतंत्र नोंद व्हावी आणि तीही कायद्याने, ही मागणी घेऊन आम्ही अधिवेशनाआधी आमदारांना भेटणार आहोत. तुमच्या तालुक्यात रेशनकार्डापायी उपचार अडलेली मुलं असतील, तर नावं वगळून हकीकत लिहून पाठवा. त्या बाईंना दाखला अजून मिळालेला नाही.