पेशी कुणाच्या, हे आधी विचारा

प्रयोगशाळेत अमुक औषधाने विषाणू रोखला, अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी ओपीडीत त्याची विचारणा सुरू होते. २०२०च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे तेच झाले. ज्यांना ते खरोखर लागते त्या संधिवाताच्या रुग्णांची मात्र पंचाईत झाली.

औषध चालले होते ते व्हेरो पेशींत. या पेशी आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या. माणसाच्या फुफ्फुसातल्या पेशींत करोनाचा विषाणू वेगळ्या वाटेने शिरतो. तिथे औषध निष्प्रभ ठरले. पुढे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रुग्णांनाही फायदा दिसला नाही.

व्हेरो पेशी विषाणू वाढवायला उत्तम. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनेही करोना त्यांतच वाढवला. पण शेजारच्या पेशींना सावध करणारे इंटरफेरॉन त्या बनवू शकत नाहीत. मग माणसाची पेशी संसर्गाला कसे उत्तर देते, हे त्यांच्याकडून कसे कळणार?

त्यासाठी मानवी पेशीच हव्यात. संसर्गानंतर कोणती जनुके चालू झाली, हे त्यांच्या आरएनए प्रती मोजून समजते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईतल्या संशोधकांनी २०२० मध्ये तसे मोजले. इंटरफेरॉन अगदी तुटपुंजे, दाह भडकवणारे संदेश मात्र भरपूर! दुसऱ्या आठवड्यात रुग्ण अचानक का ढासळतो, याचा धागा आम्हा वॉर्डातल्या डॉक्टरांना त्यात दिसला. अर्थात, डेक्सामेथासोनने प्राण वाचतात हे सिद्ध झाले ते रुग्णांवरच्या चाचणीतच.

अशा बातमीच्या मथळ्याखाली एक ओळ सक्तीची हवी, असे माझे मत आहे : पेशी कुणाच्या आणि कोणत्या अवयवाच्या.