विश्लेषण : दिवसा वीज स्वस्त, पण सातपूरमध्ये फायदा कोणाला?

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वीजवापरावर सवलत मिळते. सातपूरसारख्या कामगार वस्तीत मात्र नेमक्या याच वेळेत अनेक घरांना कुलूप असते. मग सवलत कोणाला आणि भार कोणावर?

नेमके काय बदलले?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार महावितरणची नवी दररचना १ जुलै २०२५ पासून लागू झाली. त्यात ‘टाइम ऑफ डे’ (टीओडी) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५-२६ साठी दिवसा प्रतियुनिट ८० पैसे सवलत ठरली. घरगुती ग्राहकांना संध्याकाळचा अधिभार नाही. टीओडी लागू असलेल्या उद्योगांचे गणित मात्र उलटले. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्यांना प्रतियुनिट दीड रुपया सवलत होती. ती गेली. आता सवलत दिवसा, तर सायंकाळी ५ ते मध्यरात्री १२ अधिभार.

हा बदल का?

सौरऊर्जा वाढल्याने दुपारी वीज मुबलक असते आणि बाजारात भाव पडतात. सूर्य मावळला की मागणी वाढते, सौर वीज मात्र थांबते. वीज बाजारातील कमाल दर प्रतियुनिट १० रुपये आहे. टंचाईच्या दिवसांत संध्याकाळचे भाव तिथवर पोहोचतात. म्हणून वापर दुपारकडे वळवण्याचा हा प्रयत्न आहे.

कारखान्यांचे काय?

एका पाळीत चालणाऱ्या कारखान्याला फायदा आहे. फटका दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीला. हीट ट्रीटमेंटची भट्टी पाच वाजले म्हणून बंद करता येत नाही. मोठा उद्योग छतावर सौर पॅनल बसवू शकतो. जॉबवर्क करणाऱ्या लहान युनिटची वेळ मात्र ऑर्डर देणारी कंपनी ठरवते.

घरात किती वाचते?

२ किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास सकाळी ९ नंतर लावला तर महिन्याला ३० युनिट सवलतीत येतात, म्हणजे २४ रुपये वाचतात. पहिल्या पाळीसाठी पहाटे उठणाऱ्याला तेही शक्य नाही. रात्रपाळी करून दिवसा घरी असणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना थोडा लाभ होतो.

बिल जास्त वाटल्यास?

- मीटर रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यास केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार वीज कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवायला हवा. तो किमान ३ महिने ठेवायचा असतो.
- तक्रार सुटली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचाच्या आदेशानंतर लोकपालांकडे जाण्यास ६० दिवसांची मुदत असते.
- थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यापैकी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरल्यास वीज तोडता येत नाही. ही तरतूद वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे.

थोडक्यात, स्वस्त वीज दुपारी आहे. पण दुपार ज्याच्या हातात नाही, त्याच्यासाठी सवलत कागदावरच राहते. स्मार्ट मीटर बसला असेल तर बिलात दिवसाचे युनिट वेगळे दिसतात का, एवढे आधी तपासा. तक्रार केलीत तर क्रमांक जपून ठेवा.