दप्तराचे माप

जून महिन्यात वैजापूरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात घटकाभर उभे राहावे. वह्या, कव्हरे आणि कंपासपेट्यांच्या गलबल्यात एखादा पालक हमखास म्हणतो, ‘सर्टिफिकेटांची फाईल दाखवा, चांगली टिकणारी.’ दुकानदार उलट विचारतो, ‘ए-फोर की फुलस्केप?’ या प्रश्नाला तिसरे उत्तर नाही, आणि आमचा आक्षेप नेमका तिथे आहे. चित्रकलेच्या वर्गात वापरला जाणारा मोठा कागद या दोहोंपैकी एकाही फाईलमध्ये मावत नाही. तो घडी घालून कोंबावा लागतो. घडीवर रंग तडकतो, दोनतीन पावसाळ्यांत कागदही तिथेच फाटतो. फाईल मुलाच्या नावाने विकत घ्यायची आणि तिचे माप मात्र कचेरीतल्या कारकुनाच्या अर्जाचे, ही विसंगती कोणाला खटकत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आपल्या भाषेने तरी हा भेद केलेला नव्हता. फारसीतून आलेला ‘दप्तर’ हा शब्द मराठीने राज्यकारभाराच्या कागदांनाही लावला आणि मुलाच्या खांद्यावरच्या पिशवीलाही. पुण्याचे पेशवे दप्तर रुमालांत बांधून ठेवलेले. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले, त्यांतले काही खंड खाजगी जीवनाविषयीच्या कागदांचे आहेत. म्हणजे हिशेब, फौजा आणि तह यांच्याच शेजारी घरातली आजारपणे आणि लग्नकार्येही नांदत होती. आज घरोघरी जी फाईल तयार होते तिच्यात मात्र निकालपत्रक, स्पर्धेचे प्रशस्तिपत्र, जातीचा दाखला, आधारची प्रत एवढेच असते. चित्रे पलंगाखाली, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत.

पालकांना हसण्याचा आमचा हेतू नाही. मराठवाड्यात कागद हरवण्याची धास्ती निराधार नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्य बदलले तशी दप्तराची भाषाही बदलली. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांच्या ध्यानात आली. पणजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ नातवंडांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरू शकते, हे ज्याने पाहिले आहे तो दाखला जपणारच.

पण याच शोधाने आणखी एक गोष्ट उघड केली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शोध घेतला गेला तो मुख्यतः शाळेच्या आणि कचेरीच्या रजिस्टरांत. दाखल्याचे मूळ घराबाहेर असते. घरातली प्रत गेली तर अर्ज करून दुसरी मिळते. आता तर दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवरही ठेवलेली असते. तिसरीतल्या मुलीने काढलेल्या चित्राची नोंद मात्र कोणत्याच रजिस्टरात नसते. तेव्हा टिकाऊ फाईलची अधिक गरज कोणाला, याचे उत्तर आमच्या मते स्पष्ट आहे.

शासकीय रेखाकला परीक्षांचेच पाहा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र घरात जिवापाड जपले जाते, कारण त्यावर दहावीत वाढीव गुण मिळतात. परीक्षेतले चित्र काही परत मिळत नाही. परंतु त्या परीक्षेसाठी वर्षभर घरी काढलेली स्थिरचित्रे आणि संकल्पचित्रे तरी कुठे असतात? चित्र येत असल्याचा पुरावा शिल्लक राहतो आणि चित्र नाहीसे होते. साहित्याचे विद्यार्थी ही तऱ्हा ओळखतील. कवितेवरच्या प्रश्नाचे उत्तर पाठ असते, कविता आठवत नाही.

फाईलच्या द्रव्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘टिकाऊ’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा फाईलच टिकवते, आतला कागद नव्हे. मऊ, चकचकीत, उग्र वासाचे पारदर्शक कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात. उन्हाळ्यात ते चिकट होतात आणि झेरॉक्सची अक्षरे कप्प्याच्या अंगाला चिकटून येतात. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे बरे. त्यांच्यावर कधीकधी त्रिकोणात ५ हा आकडा असतो, पीव्हीसीवर ३. लॅमिनेशन तर मूळ कागदाला करूच नये. एकदा केले की ते काढता येत नाही, कागदावर नवा शिक्का किंवा सही घेता येत नाही, आणि तेलखडूचे चित्र यंत्राच्या उष्णतेने वितळून पसरते. तेलखडूच्या दोन चित्रांमध्ये एक कोरा कागद ठेवावा. स्केचपेनचा रंग उजेडात उडतो, म्हणून ती चित्रे भिंतीवर फार दिवस लावू नयेत. वाळवी आणि कसर यांचा बंदोबस्त आपल्या आज्यांना ठाऊक होता: पोथीच्या फडक्यात वेखंडाचा तुकडा, आणि वर्षातून एकदा सोडून पाहणे. हे सोडून पाहणे सर्वांत महत्त्वाचे.

आमच्याच जिल्ह्यात, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान, कागजीपुरा आहे. तेथे चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करण्याची परंपरा कित्येक शतकांची. असा कागद दीर्घकाळ तगतो. शाळेच्या वहीचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. मुलाला एखादा ताव तिथला आणून द्यावा. परंतु तो मिळाल्यावर मूल बिचकून हात आखडते असाही अनुभव आहे.

सगळेच जपायचे काय, असे कोणी विचारील. नाही. वर्षाकाठी पाच-सात चित्रे पुरेत, आणि ती निवडताना मुलाला शेजारी बसवावे. मोठ्यांच्या निवडीत बक्षिसाचे चित्र पहिले येते. मूल बहुधा भलतेच काढून ठेवते. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख लिहावी आणि चित्रात काय आहे ते मुलाच्याच शब्दांत.

राहता राहिला मापाचा प्रश्न. ए-थ्रीची फाईल वैजापुरात सहज मिळत नाही, मागवावी लागते. तोवर क्ष-किरण तपासणीचे मोठे पाकीट चालते. चौदा बाय सतरा इंचांच्या फिल्मचे पाकीट असेल तर त्यात ए-थ्री चित्र घडी न घालता बसते. पाकिटाचा खाकी कागद चांगला नसतो, म्हणून आत दोन्ही बाजूंना पांढरा कागद घालावा, आणि पाकिटावरचे रुग्णाचे नाव खोडून त्या जागी मुलाचे नाव घालावे.